भाचीने दिलेली कादंबरी आणि मावशीचा तपास

पत्र

माझं वय एकेचाळीस. वाचनाची आवड आहे, पण आजवर वाचल्या त्या बहुतेक सामाजिक कादंबऱ्या आणि चरित्रं. मागे माझ्या सतरा वर्षांच्या भाचीने तिची एक कादंबरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, ही वाच. मग आपण बोलू." किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली डिस्टोपियन, म्हणजे जुलमी राजवटीखालच्या कल्पित जगाची, कादंबरी आहे. भिंतीआडचं एक शहर, माणशी ठरवून दिलेलं पाणी, आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारं नोंदणी खातं. त्या खात्यात नोंदवह्या उतरवून काढणारी एक मुलगी आणि रात्रपाळीला पाण्याचे पाइप दुरुस्त करणारी दुसरी. दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. निम्म्याहून जास्त वाचून झाली आणि आता अडकले आहे.

एक तर मला ते पटत नाही. घोटभर पाण्यासाठी माणसाला भिंतीबाहेर हाकलणारी राजवट, आणि दोन मुलींच्या प्रेमाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही? लेखिकेने सोयीस्कर डोळेझाक केली असं वाटतं. दुसरं म्हणजे शेवटी त्यातली एक मरणार अशी धास्ती बसली आहे, पुढचं पान उलटवत नाही. आणि खरं कारण तिसरंच आहे. भाचीने हे पुस्तक मलाच का दिलं, हा विचार डोक्यातून जात नाही. तिने काही ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. मी गोष्ट सोडून त्या रेघाच शोधत बसते. ती मला स्वतःबद्दल काही सांगतेय का? मी विचारू का? तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, कानावर घालू का? भाची अधूनमधून विचारते, "कुठवर आलीस?" मी "वाचतेय गं" म्हणून वेळ मारून नेते. त्यातून या वयात मुलांची पुस्तकं वाचायची म्हणजे थोडं ओशाळल्यासारखंही होतं.

— एक मावशी

उत्तर

प्रिय मावशी,

ताईच्या कानावर काही घालू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तेवढ्यात तुम्ही फोन उचलायला नको. कानावर घालण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही. एका मुलीने आपल्याला आवडलेलं पुस्तक मावशीला वाचायला दिलं, बातमी एवढीच.

आता पुस्तकाकडे वळते. तुम्ही नाव कळवलं होतं, पण त्यातल्या पुढच्या प्रसंगांबद्दल बोलायचं आहे म्हणून ते इथे छापत नाही. मी ते वाचलेलं आहे, आणि तुमचा पहिला आक्षेप मला मनापासून आवडला. इतक्या करड्या राजवटीच्या नजरेतून हे प्रेम सुटलं कसं, हा प्रश्न जाणत्या वाचकाला पडायलाच हवा. फक्त 'लेखिकेची डोळेझाक' या उत्तरावर तुम्ही फार लवकर येऊन थांबलात.

डिस्टोपियन कादंबरी हातात घेतली की मी आधी एक गोष्ट शोधते. ही राजवट जगते कशावर? माणसांकडून तिला नेमकं काय उकळायचं आहे? काही राजवटी जन्मांवर जगतात, काही युद्धावर, काही पाण्यावर, काही निव्वळ भीतीवर. ज्यावर ती जगते तिथे तिची नजर घारीची असते, आणि बाकीच्या बाबतीत ती चक्क आंधळी असू शकते.

जन्म मोजणारी राजवट घ्या. तिला दोन मुलींच्या प्रेमाकडे दुर्लक्ष करणं परवडतच नाही. मार्गारेट ॲटवुड यांनी बायकांना सक्तीने मुलं जन्माला घालायला लावणाऱ्या राजवटीची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) ही कादंबरी लिहिताना स्वतःला अट घालून घेतली होती, की माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काही कादंबरीत घालायचं नाही. इतिहासाने त्यांना काही कमी पडू दिलं नाही. रुमानियात १९६६ साली हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा आदेश काढून गर्भपातावर जवळपास बंदी आणली आणि पुढे कारखान्यांत बायकांची गरोदरपणासाठी तपासणी होऊ लागली. त्याच देशाच्या १९६८च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना तुरुंगवास होता, पुरुषांना आणि बायकांनाही, आणि ते कलम २००१ पर्यंत पुस्तकात राहिलं. मुलं हे ज्या सरकारचं पीक आहे, त्या सरकारला दोन बायकांचं घर म्हणजे पडीक जमीन वाटणार.

किशोरवयीन कादंबऱ्यांत हा प्रकार बराच हाताळला गेला आहे. टेहलोर के मेहिया यांच्या 'वी सेट द डार्क ऑन फायर' (२०१९) या कादंबरीत बड्या घरच्या पुरुषाला दोन बायका दिल्या जातात. एक कारभार बघायला, दुसरी मुलं जन्माला घालायला. आणि नेमक्या त्या दोघीच एकमेकींच्या प्रेमात पडतात. कॅलिन बेरॉन यांच्या 'सिंड्रेला इज डेड' (२०२०) मध्ये सोळाव्या वर्षी मुलींना राजवाड्यातल्या नृत्यसमारंभाला हजर राहावंच लागतं आणि तिथे पुरुष त्यांची निवड करतात. नायिकेला मात्र आपली मैत्रीण हवी असते. अशा कथांमध्ये प्रेम आणि बंड वेगळं काढताच येत नाही. लग्नाला नाही म्हणणं हाच तिथे राजद्रोह.

याच्या उलट एरिन बो यांची 'द स्कॉर्पिअन रूल्स' (२०१५). जगाचा ताबा एका कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आहे. तिने प्रत्येक राज्यकर्त्याचं मूल ओलीस ठेवलंय, आणि देशाने युद्ध पुकारलं की ते मूल मारलं जातं. ही राजवट युद्धाच्या हिशेबावर जगते. ओलिसांपैकी दोन राजकन्यांचं एकमेकींवर प्रेम आहे याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. वाचणारा सुरुवातीला तुमच्यासारखाच चक्रावतो, 'कुणी काही बोलत कसं नाही?' आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की त्या प्रेमावर आक्षेप घ्यायचं काम इतका वेळ आपण एकटेच करत होतो.

तिसराही एक प्रकार आहे आणि मला तो सगळ्यांत गुंतागुंतीचा वाटतो. दिसत असूनही नाव न घेण्याचा. ब्रिटनमध्ये १८८५च्या कायद्याने पुरुषांमधले सगळेच लैंगिक संबंध गुन्हा ठरवले होते. १९२१ साली त्यात बायकांनाही ओढायचा प्रयत्न झाला. हाउस ऑफ कॉमन्सने ते कलम मंजूर केलं, हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळलं. कारण उदारपणा नव्हे! तिथला युक्तिवाद असा होता, की बहुतेक बायकांना असं काही असतं हे ठाऊकच नाही, कायदा करून आपणच कशाला त्यांना सांगायचं? पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या जर्मनीच्या कुप्रसिद्ध कलम १७५ मध्येही बायका नव्हत्या, नाझींनी १९३५ साली ते अधिक कडक केलं तेव्हाही नव्हत्या. म्हणून त्या सुरक्षित होत्या असं मुळीच नाही. काही जणींना दुसऱ्याच आरोपांखाली छावण्यांत डांबलं गेलं. तेव्हा कादंबरीतली राजवट काही बोलत नाही एवढ्यावरून तिला चालतं असा निष्कर्ष निघत नाही. गप्प राहणं हेही धोरण असू शकतं.

आता तुमच्या कादंबरीतलं शहर यातलं कुठलं? ते पाण्यावर जगतं. तिथला सगळा धाक पाण्याच्या कार्डाचा आहे. नोंदणी खात्यातला तो सुरुवातीचा प्रसंग आठवा. रात्र झालीये, नोंदणीवाली मुलगी दिव्याखाली जुन्या वहीतल्या नोंदी नव्या वहीत उतरवतेय, आणि पाइपवालीचं कार्ड समोर येतं. कामावर उशिरा आल्याबद्दल तिचं पाणी आठाचं तीन लिटर केलेलं असतं. ही आकडा तसाच उतरवते. पुढच्या चार नोंदी लिहिते. मग मागे येते आणि इंग्रजी तीनच्या आकड्याला डाव्या बाजूने दोन बारीक वळणं देऊन त्याचा पुन्हा आठ करते. शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घालत बसते. इतका वेळ तिने त्या मुलीशी धड दोन वाक्यंही बोललेली नसतात. माझ्या मते कादंबरीतलं पहिलं प्रेमदृश्य हेच आहे. चुंबन बरंच पुढे येतं, आणि खरं सांगायचं तर ते थोडं शब्दबंबाळ आहे.

ही राजवट प्रेमाबद्दल बोलत नाही कारण तिला प्रेम हा शब्दच हिशेबात कुठे टाकायचा ते माहीत नाही. तिला दिसते ती पाण्याची चोरी. दोन कार्डांचं पाणी एका भांड्यात जाणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. तुम्ही जिथे थांबला आहात त्याच्या थोडंसंच पुढे घरोघरच्या तपासणीचं प्रकरण आहे. तिथे तुम्हाला राजवटीचा तो चकार शब्द ऐकू येईल, तिच्या भाषेत. मला स्वतःला ते प्रकरण कादंबरीतलं सर्वांत उत्तम वाटतं. ते वाचूनही तुमचा आक्षेप टिकला तर जरूर टिकू द्या. लेखिकेवर एक ठपका मीही ठेवते: सीमेवरच्या पहारेकऱ्यांची घरं, त्यांची लग्नं, त्यांची मुलं यांबद्दल ती काहीच सांगत नाही. या शहरात कुटुंब म्हणजे नेमकं काय हे कळलं असतं तर तुमचा प्रश्न उभाच राहिला नसता.

दुसरी गोष्ट मरणाची. तुमची धास्ती उगाच नाही, तिला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९५२ साली 'स्प्रिंग फायर' ही स्वस्तातली कागदी बांधणीची कादंबरी आली, विन पॅकर या टोपणनावाने. मूळ लेखिका मॅरिजेन मीकर. वसतिगृहातल्या दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट. प्रकाशकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा चालणार नाही, नाहीतर टपाल खातं पुस्तक अश्लील ठरवून अडवेल. म्हणून शेवटी एकीला वेड लागतं आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 'द प्राइस ऑफ सॉल्ट' प्रसिद्ध केली, त्यांनीही टोपणनावानेच, आणि त्यात दोघींना भविष्याची थोडी आशा ठेवली. वाचक त्या आशेवर तुटून पडले, इतकी ती दुर्मीळ होती.

टपाल खात्याचा धाक गेला तरी सवय गेली नाही. २०१६ साली 'द हंड्रेड' या दूरचित्रवाणी मालिकेत, म्हणजे अणुयुद्धानंतरच्या जगाच्याच गोष्टीत, लेक्सा नावाची सेनानी आपल्या प्रेयसीशी मीलन झाल्यावर काही मिनिटांत, दुसरीवर झाडलेली गोळी लागून मेली. प्रेक्षक इतके खवळले की निर्मात्याला जाहीर माफी मागावी लागली. लोक चिडले ते ती मेली म्हणून नव्हे. त्या मालिकेत माणसं पटापट मरतच होती. सुख मिळालं, लागलीच मरण आलं, हा क्रम त्यांनी आधी अनेकदा पाहिलेला होता.

डिस्टोपियात कुणीच मरू नये अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. सगळे सुखरूप घरी परतले तर ती राजवट धमक्या देणारी बाहुली ठरते. मी मरणापेक्षा मागे राहणारीकडे बघते. तिला त्यानंतर स्वतःची पानं मिळतात का, की ती फक्त रडण्यापुरती आणि बदला घेण्यापुरती उरते? मेली ती स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजून मेली, की कुठून तरी आलेल्या गोळीने? कथेतली बाकीची जोडपी धडधाकट राहून नेमकी हीच जोडी फुटते का? ही उत्तरं नकोशी आली तर पुस्तक भिंतीवर आपटायचा पूर्ण हक्क वाचकाला आहे. पुस्तक भाचीचं असल्याने तुम्हाला नाही.

आणि शेवट आधी माहीत करून घ्यावासा वाटला तर त्यात कमीपणा नाही. जिवाला घोर लावून वाचलेल्या पानांतलं निम्मं हातीच लागत नाही. शेवट मी सांगणार नाही. इंटरनेटवर सारांशही शोधू नका. भाचीला विचारा, "दोघी जगतात का गं? तेवढंच सांग, बाकी नको." ती कदाचित सांगेल, कदाचित "वाच ना!" म्हणून ओरडेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुमचं बोलणं सुरू झालेलं असेल, आणि तेही तिला जिथून सुरू करायचं होतं तिथून.

म्हणजे आलोच तिसऱ्या मुद्द्यावर. पेन्सिलीच्या रेघा.

मावशी, तुमच्या कादंबरीतलं नोंदणी खातं नागरिकांची पत्रं कशी वाचतं ते आठवतंय? मजकुराशी त्यांना कर्तव्य नसतं. कुठल्या शब्दावर शाई जास्त पडली, कुठे खाडाखोड झाली, तेवढं टिपून कारकून पत्र पुढे सरकवतो. तुम्ही सध्या नेमकं तेच करताय. प्रेमाने करताय हे मान्य, पण वाचण्याची रीत तीच. आणि त्या रीतीने हाती काय लागतं? सतराव्या वर्षी माणूस रेघ मारतो ती वाक्य गोड लागलं म्हणून, शब्द अडला म्हणून, मैत्रिणीला फोटो पाठवायचा म्हणून, लेखिका चुकली असं वाटलं म्हणून. किंवा 'अगदी माझ्या मनातलं' म्हणूनही. बाहेरून या सगळ्या रेघा सारख्याच दिसतात.

दोन मुलींची प्रेमकथा आवडणं हा कुणाबद्दलचा पुरावा नाही. अशा कादंबऱ्या सर्व तऱ्हेच्या मुली वाचतात, मुलगेही वाचतात. काही जणींना त्या एवढ्यासाठी आवडतात, की त्यात नायिकेच्या बंडाचं सुकाणू शंभराव्या पानावर एखाद्या देखण्या तरुणाच्या हाती जात नाही. (या साहित्यप्रकारात मध्यंतरी दोन तरुणांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या नायिकांचा इतका सुकाळ झाला होता की क्रांती कधी होते याची वाट बघून वाचक म्हातारे व्हायचे.) हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, तिला खरंच तुम्हाला काही सांगायचं असेल, हेही शक्य आहे. तुमचा संशय खुळा आहे असं मी म्हणत नाही. पण तसं असेल तर तिने रस्ता आणि वेग दोन्ही स्वतः ठरवलं आहे: आधी वाच, मग बोलू. तुम्ही मधेच "तू तशी आहेस का?" म्हणून विचारलंत, तर तिच्या हातचा रस्ता काढून घेतल्यासारखं होईल. आणि ती तशी नसेल, तर पुन्हा तुम्हाला पुस्तक देताना ती दहादा विचार करेल.

म्हणून विचारू नका. पुस्तकाबद्दल मात्र भरपूर बोला, आणि खरं बोला. "वाचतेय गं" हे उत्तर ऐकून तिला काय वाटत असेल याचा विचार करा. आपण महत्त्वाचं काही दिलं आणि ते उशाशी धूळ खात पडलंय, किंवा त्याहून वाईट, मावशीला ते किळसवाणं वाटलंय पण ती बोलत नाहीये. हे दुसरं तिच्या डोक्यात येऊ देऊ नका. तुमचा पहिला आक्षेप तसाच्या तसा तिच्यापुढे ठेवा. तो चांगला आहे, त्यावर ती भांडेल. पाइपवाली तुम्हाला आवडते की नोंदणीवाली, ते सांगा. नोंदणीवाली मला बराच काळ घाबरट वाटली होती. तुमचं मत वेगळं असू शकतं. बोलता बोलता दोन मुलींच्या प्रेमाबद्दल तुमचा आवाज कसा लागतो, हे ती ऐकत असेल. तिला तुमच्याबद्दल जे जाणून घ्यायचंय ते तिला तिथे मिळेल, जाहीरनामा काढायची गरज नाही.

आणि समजा एखाद्या दिवशी ती म्हणालीच, "मावशी, मलाही मुली आवडतात." तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, ऐनवेळी तोंडातून भलतंच निघतं. "नक्की का?" नको. "हे वय असंच असतं" नको. "पुस्तकं वाचून डोक्यात आलंय" तर नकोच नको. आणि एक वाक्य, जे चांगल्या मनाची माणसंही बोलून जातात: "मला आधीच माहीत होतं." त्या मुलीने किती दिवस धीर एकवटलेला असतो, आणि आपण एका वाक्यात तिचं सांगणंच फुकट घालवतो. त्याऐवजी, "बरं झालं मला सांगितलंस" एवढं पुरे. मग तिला बोलू द्या. आणखी कोणाला माहीत आहे, कोणाला कळू नये असं वाटतं, हे मात्र जरूर विचारा. ताईला सांगायचं की नाही, कधी, कुणी, हे भाची ठरवेल. तिने "तू सोबत बस" म्हटलं तर बसा. या नियमाला अपवाद एकच: ती स्वतःला इजा करून घेईल असं वाटलं, किंवा कुणी तिला त्रास देत असेल, तर गप्प बसायचं नाही. तेव्हाही आधी तिला सांगायचं, की मी आता मदत मागणार आहे, आणि मग लगेच मागायची.

राहिला वयाचा प्रश्न. तो तर सोडूनच द्या. 'यंग अडल्ट', म्हणजे किशोरवयीनांसाठी, हा शिक्का प्रकाशकांनी आणि ग्रंथपालांनी पुस्तकं कपाटात लावण्यासाठी मारलेला आहे. बोकर या ग्रंथव्यवसायाची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने २०१२ साली पाहणी केली तेव्हा ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के अठरा वर्षांवरचे निघाले, आणि त्यातला सर्वांत मोठा गट तीस ते चव्वेचाळीसचा. म्हणजे तुमचाच. तुम्हाला जर काही जड जात असेल तर ते वय नसून धाटणी असेल. 'द हंगर गेम्स' (२००८) पासून प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी निवेदनाची या प्रकारात लाटच आली. 'मी धावते. मी वळते. दार बंद आहे.' वर प्रत्येक प्रकरण कड्याच्या टोकावर, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी, संपतं. सामाजिक कादंबऱ्यांच्या संथ चालीची सवय असलेल्याला धाप लागते. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त प्रकरणं वाचू नका, आणि प्रकरणाच्या शेवटी न थांबता पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांवर थांबा. कड्याचा धाक तिथे ओसरलेला असतो, आणि मरणाच्या भीतीने पुस्तक मिटण्याची वेळही कमी येते.

पुढे काय वाचू हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ही संपल्यावर भाचीला उलट काहीतरी द्यावंसं वाटलं तर वर सांगितलेली 'द स्कॉर्पिअन रूल्स' द्या. पाण्यावरून होणारी युद्धं, कोरडा विनोद आणि बऱ्याच बकऱ्या, असं सगळं त्यात आहे. आधी तुम्ही स्वतः वाचा मात्र, कारण त्यात छळाचा एक प्रसंग चांगलाच अंगावर येतो, आणि तो कितव्या प्रकरणात आहे हे देतानाच सांगितलेलं बरं.